रिकामा रकाना

ताई,

सप्रेम नमस्कार. माझं वय ४४. नोकरी जाऊन आठ महिने झाले. कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला आणि आम्ही २१ जण एका दुपारी बाहेर पडलो. त्यातले बरेच जण कुठे ना कुठे लागले. मी अजून घरीच आहे. बायकोच्या पगारावर घर चाललंय. ती एका शब्दानं बोलत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

मी देवाला मानणारा माणूस आहे. पण आता प्रार्थनेला बसलो की मनात हिशेबच सुरू होतो. आधी वाटायचं, अमुक केलं तर नोकरी मिळेल. ते केलं. मग तमुक केलं. आता हात जोडले तरी आत काहीच हलत नाही. सगळे सांगतात, देव परीक्षा बघतोय, श्रद्धा ठेव. जे आहे त्याचे आभार मान, तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत. हे ऐकलं की मला राग येतो आणि मग राग आल्याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मुलगी शाळेचा एक फॉर्म भरत होती. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, तो रकाना तसाच सोडला आणि पुढचा भरायला घेतला. दहा वर्षांची आहे ती. तिनं मला सांभाळून घेतलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कृतज्ञ राहायचं ते नेमकं कशाबद्दल? आणि श्रद्धा आटली असेल तर ती परत येते का?

– एक वाचक

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मीही त्या रकान्यापाशी थांबले आणि बराच वेळ पुढे गेले नाही. त्याच्याकडे परत येईन. आधी तुमच्या रागाबद्दल बोलते.

तो राग रास्त आहे. ‘तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत’ असं म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण त्यात तुमचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून लहान ठरवलं जातं. शेजाऱ्याचा पाय मोडला म्हणून आपली दाढ ठणकायची थांबते का? आणि दुसऱ्याच्या हलाखीकडे बघून जे वाटतं ते फार तर ‘सुटलो बुवा’ असं असतं. त्याला कृतज्ञता म्हणायला माझं मन घेत नाही.

‘देव परीक्षा बघतोय’ हेही मला पटत नाही. तुमचा विभाग बंद करायचा निर्णय माणसांनी घेतला, आकडे समोर ठेवून घेतला. तो देवाच्या खात्यावर कशाला टाकायचा? परीक्षा म्हटलं की नोकरी न मिळणं म्हणजे नापास होणं ठरतं. आठ महिने रोज नापास होणाऱ्या माणसाला परीक्षकासमोर हात जोडून बसणं जड जाणारच. तुमची प्रार्थना तिथंच अडकली असावी, असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंय, आत काहीच हलत नाही. त्यावरून श्रद्धा आटली असा निष्कर्ष तुम्ही काढलात. मला तो घाईचा वाटतो. ऑस्ट्रियात मारियेन्थाल नावाचं एक छोटं गाव आहे. १९३०च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे संशोधक त्या गावात गेले. लोक दिवस कसा घालवतात याची त्यांनी बारीक नोंद केली. वाटेल की रिकामा वेळ मिळाल्यावर माणसं वाचतील, भेटतील, राहून गेलेली कामं करतील. घडलं उलटंच. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं, आणि तेही पुस्तकं फुकट मिळत असताना. पुरुष तोच रस्ता बायकांपेक्षा सावकाश चालायचे, मधेमधे नुसते उभे राहायचे. सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत काय केलं, हे कित्येकांना सांगता येत नव्हतं. बायकांनाही गिरणीतलं काम उरलं नव्हतं, पण घर, मुलं, दोन वेळचं रांधणं होतं. दिवसाला धरून ठेवायला त्यांच्याकडे काहीतरी होतं.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. काम गेलं की ज्या गोष्टींना पैसा लागत नाही त्याही हातातून सुटतात. वाचन सुटतं, फिरणं सुटतं, हसणं सुटतं. प्रार्थना सुटणं त्यातलंच. बधिरपणा हा बेकारीचा आजार आहे, तुमच्या श्रद्धेचं ते पोस्टमार्टेम नव्हे. पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय गेला असं आपण म्हणत नाही. रक्त फिरेपर्यंत थांबतो आणि दुखत असलं तरी हलवत राहतो.

तेव्हा पहिलं काम आभार मानण्याचं नाही. पहिलं काम तक्रार करण्याचं.

१९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. नोकरी गेलेले ६३ व्यावसायिक, बहुतेक पन्नाशीतले. त्यातल्या काहींना पाच दिवस रोज २० मिनिटं लिहायला सांगितलं. लिहायचं काय, तर नोकरी जाण्याबद्दल अगदी आतून काय वाटतं ते: राग, अपमान, भीती, सगळं. काहींना फक्त आपल्या दिवसाच्या नियोजनाबद्दल लिहायला सांगितलं, काहींना काहीच लिहायला दिलं नाही. आठ महिन्यांनी पाहिलं तर मनातलं लिहिणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त कामाला लागले होते. बाकीच्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. गंमत अशी की मनातलं लिहिणाऱ्यांनी जास्त अर्ज केले किंवा त्यांना जास्त मुलाखती मिळाल्या असं काही नव्हतं. संशोधकांचा अंदाज असा की राग कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीच्या खोलीत त्यांच्यासोबत शिरला नाही. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यात नोकरीची हमी शोधू नका. पण मुलाखतीला जाताना आपण पाठीवर काय घेऊन जातो हे ज्यानं अनुभवलंय, त्याला तो अंदाज पटेल.

तुम्ही देवाला मानणारे आहात, तर हे लिहिणं त्यालाच उद्देशून करा. ‘तू कुठे आहेस’ असं विचारा. ‘तू मला फसवलंस’ असं वाटत असेल तर तेही लिहा. पाप लागेल अशी भीती वाटली तर तुकोबांकडे बघा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको आणि मुलगा गेले. त्यानंतरचे तुकोबा गोड गोड आभार मानत बसले नाहीत. ते विठ्ठलाशी भांडले, त्याला वाट्टेल ते बोलले, त्याच्या असण्यावर शंका घेतली. आपल्या भाषेत देवाला अरेतुरे करायची, त्याला जाब विचारायची परवानगी संतांनी कधीच देऊन ठेवलीय. ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्याशी नातं तुटलेलं नसतं. तुमची प्रार्थना सुकली ती तुम्ही फार सभ्यपणे करत राहिलात म्हणून, असं मला पत्र वाचताना वाटलं.

आणि श्रद्धा आपण ‘ठेवतो’ असं म्हणतो ना, तो शब्द मला फार उपयोगी पडला आहे. ठेवणं ही हातांनी करायची गोष्ट. उत्साह नसतानाही करता येते. रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटं बसा. काही मागू नका, नवस नको, सौदा नको. आतून काही वाटलं नाही तरी चालेल. वाटण्याची जबाबदारी तुमची नाही, बसण्याची आहे. पुढे दोन अर्ज करायचे, अर्धा तास चालायचं, घरातलं ठरलेलं एक काम उरकायचं. हेही मी श्रद्धेतच धरते. उत्तर येईल की नाही हे माहीत नसताना अर्ज नीट, मन लावून लिहिणं यापेक्षा वेगळी श्रद्धा मला तरी माहीत नाही.

आता कृतज्ञता. इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

मी ३९ वर्षांची असताना माझी नोकरी गेली. जिथे बारा वर्षं काढली तिथून वीस मिनिटांच्या एका बैठकीत बाहेर पडले. अकरा महिने घरी होते. पहिले काही आठवडे मी सकाळी नेहमीच्या वेळेला आवरून, साडी नेसून, पर्स खांद्याला लावून बसायचे. जायचं कुठेच नसायचं. पर्सचा पट्टा खांद्यावर असला की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं, म्हणून.

चौथ्या-पाचव्या महिन्यात एका दुपारी फोनवर मेसेज आला: वीजबिल भरल्याबद्दल धन्यवाद. मी बिल भरलेलं नव्हतं. मुदतीचा शेवटचा दिवस मला पाठ होता, मी पैशांची जुळवाजुळव करत होते. चौकशी केल्यावर कळलं, धाकट्या बहिणीनं भरलं होतं. मला आनंद झाला असेल असं वाटतंय का तुम्हाला? माझ्या अंगाची आग झाली. मी तिला फोन लावला आणि ओरडले. मी काय भिकारीण आहे का, तुला कुणी सांगितलं होतं, असलं बरंच काही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, माझ्या कॉलेजची फी तू भरलीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडले होते का? की तेव्हा तू मला भिकारीण समजत होतीस?”

मी फोन ठेवला आणि खूप रडले. कारण तिचं खरं होतं. देणारी मी आहे, घेणारे इतर आहेत, अशी माझी समजूत आयुष्यभर होती. देताना मी मनातल्या मनात एक पायरी वर उभी असायचे. म्हणून घ्यायची वेळ आली तेव्हा मला ती पायरी उतरल्यासारखी वाटली. बहिणीच्या मनात पायरी नव्हतीच. ती माझी होती.

तुमची बायको एका शब्दानं बोलत नाही आणि तेच तुम्हाला जास्त लागतं, हे तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मला तो मेसेज आठवला. तिच्या न बोलण्यात तुम्हाला उपकार दिसतोय. तिच्या मनात कदाचित तसलं काही नसेल. ती दमलेली असेल, घाबरलेली असेल, किंवा तुम्ही दुखावले जाल म्हणून शब्द तोलत असेल. तुम्ही दोघं एकमेकांना जपायला गप्प आहात आणि त्या शांततेचं ओझं दोघंही वेगवेगळं उचलताय.

कृतज्ञ हा शब्द फोडून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं ते ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. या शब्दात आनंदी राहण्याची अट कुठेही नाही. नोकरी गेली ते बरंच झालं असं मानायची अट नाही. हसरा चेहरा ठेवायची तर मुळीच नाही. फक्त नीट पाहायचं आणि पाहिलेलं नाकारायचं नाही. तेव्हा ‘कृतज्ञ राहायचं ते कशाबद्दल’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: बेकारीबद्दल नाही. या आठ महिन्यांत ज्यांनी ज्यांनी तुमच्यासाठी हात हलवला त्यांच्याबद्दल, नावानिशी आणि तपशिलानिशी. ‘माझं कुटुंब चांगलं आहे’ असं मोघम नको. ‘मंगळवारी मुलाखतीहून परत आलो तेव्हा कुणीही काय झालं असं विचारलं नाही, मुलीनं पंखा लावला’, असं हवं. मोघम आभार तोंडातून पटकन निघतात. तपशील आठवायला बसावं लागतं, आणि त्या बसण्यातच मनातलं काहीतरी सैल होतं.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली यावर काम प्रसिद्ध केलं. एका गटाला १० आठवडे, दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटाला वैताग आणणाऱ्या गोष्टी, तिसऱ्याला नुसत्या घडलेल्या घटना. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकूणात बरं वाटू लागलं आणि येणाऱ्या आठवड्याबद्दलही त्यांना जास्त आशा वाटत होती. पण ते सगळे विद्यार्थी होते, घरखर्चाची चिंता असलेले नोकरी गेलेले बाप नव्हते. म्हणून वहीतून चमत्काराची वाट बघू नका. आठवड्यातून एकदाच लिहा. रोज लिहायला गेलात तर त्याचीही हजेरी होईल, आणि हजेरी चुकली की आणखी एक अपराध डोक्यावर.

वहीत लिहिलेलं त्या त्या माणसाला सांगितलं तर फार वेगळं काही होतं. बायकोपासून सुरुवात करा. मोठं भाषण नको. “आठ महिने तू घर ओढतेयस ते मला दिसतंय. मला बोलता येत नव्हतं.” एवढं पुरे. त्याच्यापुढे ‘पण’ लावू नका, ‘मी लवकरच काहीतरी करीन’ असं वचनही जोडू नका. वचन जोडलं की ते परत कर्ज होतं. तिलाही बोलू द्या. ती कदाचित चिडेल, आठ महिन्यांचं साठलेलं बाहेर पडेल. पडू द्या. तुमच्या रागाला जागा हवी तशीच तिच्याही भीतीला हवी.

जुन्या सहकाऱ्यांतल्या, वरिष्ठांतल्या कुणीतरी कधीतरी तुम्हाला काहीतरी शिकवलं असेल. त्यांना चार ओळी लिहा, तपशील घालून. त्या चार ओळींच्या खाली ‘काही काम असेल तर कळवा’ असं लिहू नका. आभाराला मागणी चिकटवली की वाचणाऱ्याला आधीचं सगळं खोटं वाटतं. काम मागायचंय तर दुसऱ्या पत्रात सरळ मागा, त्यात कमीपणा नाही. ओळखी जिवंत ठेवण्याचा फायदा होतोच, हेही प्रामाणिकपणे सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सहाजणांतल्या जेमतेम एकाला ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. लांबच्या माणसाकडे वेगळी बातमी असते. बेकारीत आपण नेमकं या लांबच्या माणसांना टाळतो, कारण ‘सध्या काय चाललंय’ हा प्रश्न तेच विचारतात.

एक गोष्ट गंभीरपणे विचारते. फॉर्मच्या त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिलंत. ती एकच रात्र होती की आठवडेच्या आठवडे असं होतंय? भूक गेलीय, कशातच मन लागत नाही, आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असा विचार येतो, असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि तो शेवटचा विचार येत असेल तर आजच घरात कुणाला तरी सांगा. श्रद्धा आहे म्हणून औषध नको असं होत नाही. मी स्वतः त्या अकरा महिन्यांत समुपदेशकाकडे जात होते. तिथं जायला मी उशीर केला, तुम्ही करू नका.

आणि आता तो रकाना.

तुमच्या मुलीनं तुम्हाला सांभाळून घेतलं, हे तुम्ही ओळखलंत. त्या रात्री तुम्हाला फक्त लाज दिसली. पण दहा वर्षांच्या मुलीला समोरच्याचं दुखणं कळतं, त्यावर बोट न ठेवता पुढे कसं जायचं हे कळतं. हे तिला कुणीतरी शिकवलं असेल ना? तुमच्या घरात ती ते बघत मोठी झालीय. या आठ महिन्यांत आटलं नाही असं काही तुम्हाला शोधायचं असेल तर ते तुमच्यासमोर टेबलाशी बसून फॉर्म भरत होतं.

पण तिनं रकाना रिकामा सोडावा हे मला बरं वाटत नाही. तुम्हाला जपण्याचं काम तिच्या वयाला जड आहे. रिकाम्या जागेकडे बघून तिला एवढंच कळतं की याविषयी या घरात बोलायचं नसतं. फॉर्म अजून घरात असेल तर तो मागून घ्या. दिला असेल तर कोऱ्या कागदावर करा, चालेल. तिच्या शेजारी बसा, पेन तिच्याकडून घ्या आणि तिच्या देखत, तुमच्या अक्षरात लिहा: सध्या नोकरीच्या शोधात. तिला सांगा की पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हेच सांगायचं, लपवायचं काही नाही. आणि त्या दिवशी तू रकाना का सोडलास ते मला कळलं होतं, हेही सांगा. मग तिला जे विचारायचं असेल ते विचारू द्या.